ऑस्ट्रेलियाचा कौटुंबिक व्हिसा आणि आरोग्य तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचं असो, लेकरांना न्यायचं असो की आई-वडिलांना कायमचं बोलवायचं असो, ऑस्ट्रेलियाच्या कौटुंबिक व्हिसाच्या फायलीत आरोग्य तपासणीचा टप्पा येतोच. खालची उत्तरं भारतातून अर्ज करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

ही तपासणी नेमकी कशासाठी असते? आजार असला की व्हिसा गेला का?

नाही. तुम्ही धडधाकट आहात की नाही, हा प्रश्नच नसतो. तीन गोष्टी पाहिल्या जातात. सक्रिय टीबी आहे का? सार्वजनिक आरोग्याला धोका होईल असं दुसरं काही आहे का? आणि तुमच्या आजारामुळे तिथल्या सरकारी आरोग्य व समाजसेवांवर मोठा खर्च पडेल का, किंवा तुटवडा असलेल्या सेवेत तिथल्या माणसाची जागा अडेल का? मधुमेह, थायरॉईड, दमा, गुडघेदुखी यांमुळे अडकलेल्या फायली फार थोड्या. अडकतं ते टीबी आणि खर्च या दोन ठिकाणी.

कोणाला कोणत्या तपासण्या लागतात?

कायमच्या व्हिसासाठी भारतातून जाणाऱ्यांची विभागणी वयानुसार होते. दोन वर्षांखालच्या बाळाची फक्त शारीरिक तपासणी. २ ते १० वर्षांच्या मुलांची शारीरिक तपासणी आणि टीबीसाठी रक्ताची किंवा त्वचेची चाचणी. ११ ते १४ वर्षांना शारीरिक तपासणी आणि छातीचा एक्स-रे. १५ आणि त्यापुढच्यांना शारीरिक तपासणी, एक्स-रे, एचआयव्ही आणि किडनीसाठी सीरम क्रिएटिनिन. पाच वर्षांवरच्यांची लघवीही तपासतात. इतिहास पाहून डॉक्टर यात भर घालू शकतात.

तपासणी कधी करायची? आधीच उरकून ठेवली तर?

जोडीदाराच्या किंवा मुलाच्या व्हिसात अर्ज भरल्यावर केली तर चालते. आई-वडिलांच्या कायमच्या व्हिसात मात्र घाई अजिबात नको. निकाल साधारण १२ महिनेच धरला जातो आणि पैसे भरून जाणाऱ्या पालकांच्या १४३ व्हिसाची रांगसुद्धा दशकाहून लांब आहे. ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाकडून तपासणीचं पत्र आल्याशिवाय क्लिनिकची पायरी चढू नका, नाहीतर तीच तपासणी पुन्हा आणि तोच खर्च पुन्हा.

या रांगेचा आणखी एक अर्थ आहे आणि तो फार जण ध्यानात घेत नाहीत. पालकांची तब्येत अर्ज भरला त्या दिवशी कशी होती याला किंमत नाही; नंबर लागेल त्या दिवशी कशी आहे याला आहे. साठीत अर्ज केलेल्या आईची तपासणी पंचाहत्तरीच्या आसपास होणार, हे धरूनच बेत आखावा.

एचएपी आयडी म्हणजे काय आणि तो कुठे मिळतो?

तो तुमच्या आरोग्य-नोंदीचा क्रमांक. अर्ज भरल्यावर इमीअकाउंटमध्ये (विभागाच्या वेबसाइटवरचं तुमचं खातं) प्रत्येक अर्जदाराच्या नावापुढे आरोग्य तपासणीचा दुवा दिसतो. तो उघडून आरोग्याच्या इतिहासाचे प्रश्न भरायचे, मग रेफरल लेटर तयार होतं. त्यावर एचएपी आयडी आणि करायच्या तपासण्यांची यादी असते. घरातल्या प्रत्येकाचं पत्र वेगळं. ‘माय हेल्थ डिक्लरेशन्स’ हा वेगळा रस्ता अर्ज भरण्याआधी तपासणी करणाऱ्यांसाठी आहे. अर्ज भरून झाला असेल तर तिकडे वळू नका. एकाच माणसाचे दोन आयडी झाले की निकाल एका खात्यात आणि अर्ज दुसऱ्यात, असा घोळ होतो.

आमच्या नेहमीच्या एमडी डॉक्टरांकडून करून घेतली तर?

चालत नाही. ऑस्ट्रेलियन गृह विभागाने नेमलेल्या पॅनेल क्लिनिकमध्येच करावी लागते. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याकडे अशी क्लिनिकं आहेत. चालू यादी विभागाच्या वेबसाइटवर देशानुसार मिळते. अपॉइंटमेंट तुम्हीच घ्यायची, फी क्लिनिकला भरायची. निकाल ते ई-मेडिकल या प्रणालीतून थेट पाठवतात, तुमच्या हाती लिफाफा वगैरे येत नाही. ऑस्ट्रेलियात राहून जोडीदाराच्या ८२० व्हिसाचा अर्ज केला असेल तर तिथे हे काम बुपा मेडिकल व्हिसा सर्व्हिसेसकडे आहे.

सोबत काय न्यायचं?

मूळ पासपोर्ट (आधार कार्डावर भागत नाही), रेफरल लेटर, चष्मा किंवा लेन्स, चालू औषधांची यादी किंवा सरळ औषधांच्या पट्ट्याच. जुना आजार, ऑपरेशन किंवा हॉस्पिटलमधली भरती असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि तज्ज्ञाचं अलीकडचं पत्र. छातीचे जुने एक्स-रे असतील तर फिल्म किंवा सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. का, ते खाली टीबीच्या प्रश्नात आहे.

लग्नानंतर नाव बदललंय. पासपोर्टवर माहेरचं, अर्जात सासरचं. अडचण येईल?

येईल. क्लिनिकमध्ये पासपोर्ट पाहून ओळख पटवतात, फोटो काढतात आणि नोंद पासपोर्टशी जुळवतात. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव कोणत्या रकान्यात, हे सगळं चालू पासपोर्टप्रमाणेच भरा. अर्ज आणि तपासणी यांच्यामध्ये नवा पासपोर्ट निघाला असेल तर आधी इमीअकाउंटमध्ये तो बदल कळवा, पत्र नव्याने छापा आणि मगच जा. जुना पासपोर्टही बरोबर ठेवा.

उपाशीपोटी जायचं का? त्या दिवशी गोळ्या घ्यायच्या का?

उपाशी राहायची गरज नाही. रोजच्या गोळ्या, खासकरून बीपीच्या, नेहमीच्या वेळी घ्या. ‘तपासणी आहे म्हणून आज गोळी नको’ असं करून आलेल्यांचं बीपी १६०-१७० दिसतं, मग पुन्हा मोजणी, मग फिजिशियनचं पत्र आणि फाईल लांबते. मुंबईत अपॉइंटमेंट असेल तर रात्रीच्या गाडीने येऊन स्टेशनवरून थेट क्लिनिक गाठण्यापेक्षा आदल्या दिवशी पोचून झोप काढलेली बरी. बाहेरून आल्या आल्या बीपी मोजू नये. दहा मिनिटं बसू द्या, असं सांगायला संकोच नको.

लघवीच्या चाचणीचं तसंच. पाळी चालू असताना नमुना दिला तर रक्त दिसतं आणि पुन्हा यावं लागतं. पाळी संपल्यावर काही दिवसांनी जा. ताप किंवा जोरदार व्यायामानंतर प्रथिनं दिसू शकतात. जिममध्ये जाणाऱ्यांनी क्रिएटिनची पावडर चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं, तिने रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि किडनीचा नसता संशय येतो.

एक्स-रेमध्ये काय चुकतं?

बरंच काही, आणि बहुतेक टाळता येण्याजोगं. टीबीच्या खुणा फुप्फुसाच्या वरच्या टोकाला जास्त दिसतात. नेमकी तिथेच लांब वेणी खांद्यावरून पुढे आली तर तिची सावली पडते आणि ती डागासारखी दिसते. केस वर बांधून घट्ट अंबाडा घाला. मंगळसूत्र, साखळी, ताईत, हूक असलेले कपडे काढून ठेवावे लागतात. मंगळसूत्र काढायला नको वाटत असेल तर तसं आधीच बोलून घ्या, तंत्रज्ञाशी ऐन वेळी वाद घालू नका. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हटल्यावर पूर्ण श्वास भरून धरायचा. अर्धवट श्वासात काढलेल्या फोटोत फुप्फुसाचा तळ धूसर आणि हृदय मोठं दिसतं. खोकला-सर्दी जोरात असेल तर आठ-पंधरा दिवस थांबून जा, कारण ताज्या न्यूमोनियाची सावलीही शंकेत धरली जाते.

मी गरोदर आहे. एक्स-रे काढू का?

बाळंतपण होईपर्यंत एक्स-रे पुढे ढकलण्याचीच शिफारस विभाग करतो. तोवर व्हिसाचा निर्णय थांबतो, पण अर्ज फेटाळला जात नाही. बाळाचा जन्म ऑस्ट्रेलियात होणार असेल तर हेपटायटिस बी ची चाचणी मागतात. निर्णयाआधी बाळ जन्मलं तर ते तातडीने कळवून अर्जात जोडायचं. त्याचीही तपासणी होते.

मुलीला बीसीजी दिलेलं आहे. टीबीची चाचणी पॉझिटिव्ह येणार नाही का?

दोन प्रकार आहेत. मान्टू ही त्वचेची चाचणी. ४८ ते ७२ तासांनी वाचायची असते, म्हणजे क्लिनिकला दोन फेऱ्या, आणि बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रा ही रक्ताची चाचणी. एक फेरी, आणि बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मुलाला जन्मतःच बीसीजी टोचलेलं असतं, तेव्हा इग्रा मिळत असेल तर तीच घ्यावी. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस नुकतीच दिली असेल तर चाचणी त्याच दिवशी करावी, नाहीतर चार आठवडे थांबावं. मधल्या काळात निकाल चुकू शकतो.

चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे मुलाला टीबी झालाय असं नाही. पुढे एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असेल तर सुप्त संसर्गावरून व्हिसा नाकारत नाहीत.

वडिलांना तीस वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला. आता काय?

प्रश्नावलीत सरळ ‘हो’ लिहा. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण एक्स-रेवर जन्मभर राहतो. तुम्ही लिहिलं नाही तरी फिल्म ते सांगणारच. नुसत्या व्रणावरून नकार येत नाही. तो व्रण जुना आणि स्थिर आहे की आत्ता काही चालू आहे, एवढंच ठरवायचं असतं. इथे जुनी फिल्म सोन्याची. दोन वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या फिल्मवर डाग तसाच असेल तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. जुनी नसेल तर बहुतेक वेळा थुंकीची तपासणी येतेच. तेव्हा घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवरचे ते मोठे पिवळे लिफाफे रद्दीत घालण्यापूर्वी उघडून बघा.

थुंकीची तपासणी किती दिवसांची?

तीन वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो सकाळी, क्लिनिकच्या देखरेखीखाली तीन नमुने द्यायचे. स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) लगेच कळतो, पण कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवणं) आठ आठवडे वाढवून पाहतात आणि त्याला पर्याय नाही. ‘स्मिअर निगेटिव्ह आला, मग आता कसली वाट?’ असं विचारणाऱ्यांसाठी: जंतू थोडे असले तर स्मिअरला दिसत नाहीत, कल्चरला उगवतात. तिकीट, घर, नोकरीचा राजीनामा हे सगळं कल्चरच्या निकालानंतर.

या मधल्या काळातली सगळ्यांत महाग चूक म्हणजे ओळखीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘खात्रीसाठी’ सुरू केलेली एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स. नमुने देण्याआधी टीबीची औषधं, किंवा लेव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक पोटात गेलं तर जंतू दबतात आणि कल्चरच्या निकालावर भरवसा राहत नाही. ताप, वजन घटणं, खोकल्यातून रक्त अशी लक्षणं असतील तर उपचार थांबवायचे नसतातच. पण औषध सुरू होण्याआधी नमुने घेतले जातील हे पाहा आणि पॅनेल डॉक्टरांना कळवा.

सक्रिय टीबी निघाला तर व्हिसा कायमचा गेला?

नाही, थांबला. साध्या टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. त्यानंतर पुन्हा एक्स-रे आणि थुंकी, आणि सगळं ठीक असेल तर फाईल पुढे सरकते. सरकारी केंद्रात उपचार घेत असाल तर निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदीतला तुमचा क्रमांक), औषधांच्या नोंदी, दर टप्प्याचे थुंकीचे निकाल आणि कोणतं औषध जंतूवर चालतं याचा चाचणी-अहवाल जपून ठेवा. नुसतं ‘कोर्स पूर्ण केला’ असं एका ओळीचं सर्टिफिकेट अपुरं पडतं. सक्रिय टीबीला कोणत्याही व्हिसात सूट नाही, जोडीदाराच्याही नाही.

खर्चाची मर्यादा किती आणि ती कशी मोजतात?

१ जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, आधी ती ५१,००० होती. कायमच्या व्हिसात साधारण पुढच्या पाच वर्षांचा खर्च धरतात. अर्जदाराचं वय ७५ किंवा जास्त असेल तर तीन वर्षांचा. आजार कायमचा असून त्याची पुढची वाटचाल बऱ्यापैकी सांगता येत असेल तर दहा वर्षांपर्यंत.

हिशेब तुमचा नसतो, हे समजून घेणं महत्त्वाचं. विभागाचा वैद्यकीय अधिकारी ‘याच आजाराचा, याच टप्प्यावरचा एक काल्पनिक माणूस’ डोळ्यांसमोर ठेवतो आणि त्याला ऑस्ट्रेलियात कोणत्या सेवा लागतील ते मोजतो. म्हणून ‘मुलगा कमावतो, आम्ही सगळा खर्च करू’, ‘खासगी विमा काढलाय’, ‘औषधं पुण्याहून मागवू’ या वाक्यांना या टप्प्यावर शून्य किंमत असते. उपयोगी पडतं ते आजाराची तीव्रता अचूक सांगणारं तज्ज्ञाचं पत्र: निदान काय, कधीपासून, आज कोणतं औषध किती, गेल्या वर्षाचे आकडे काय, पुढे काय अपेक्षित आहे, स्वतःची आंघोळ-कपडे-जेवण स्वतः करतात का. ‘पेशंट इज फिट टू ट्रॅव्हल’ एवढंच लिहिलेलं पत्र फुकट.

मग डायबेटीस, बायपास, किडनी, एचआयव्ही यांचं काय होतं?

गोळ्यांवर ताब्यात असलेला मधुमेह आणि बीपी सहसा पार होतात. मधुमेहींनी अलीकडचं एचबीए१सी आणि किडनीचा रिपोर्ट न्यावा. बायपास किंवा स्टेंट झालेल्यांकडे इको आणि हृदयतज्ज्ञाचं पत्र मागतात. किडनी बिघडलेली असेल तर अवघड. डायलिसिसचा खर्च मर्यादा सहज ओलांडतो, आणि प्रत्यारोपणासारख्या तुटवड्याच्या सेवेचा मुद्दा वेगळा उभा राहतो. स्मृतिभ्रंश झालेल्या पालकांच्या बाबतीत औषधाच्या खर्चापेक्षा पुढे लागणाऱ्या शुश्रूषेचा खर्च फाईल पाडतो. एचआयव्ही आहे म्हणून आपोआप नकार नसतो, त्यातही औषधांचा खर्चच मोजतात.

मर्यादा ओलांडली तर सूट मिळते का?

इथे नवरा-बायको आणि आई-वडील यांच्या वाटा वेगळ्या होतात. जोडीदाराचे ३०९ आणि ८२०, लग्नासाठी जाणाऱ्यांचा ३००, मुलांचे १०१ आणि ८०२ या व्हिसांना ‘४००७’ ही अट लागते, तिच्यात हेल्थ वेव्हरची सोय आहे. पालकांच्या १०३, १४३, ८०४, ८६४ आणि तात्पुरत्या ८७० ला ‘४००५’ लागते, तिच्यात वेव्हर नाही. म्हणजे एकच आजार, एकच खर्च. बायकोला सूट मागता येते, सासूबाईंना नाही.

वेव्हरची वेळ आली की विभाग पत्र पाठवून म्हणणं मागतो. मुदत साधारण २८ दिवस. आता मात्र पैशांचं बोलायचं: घरचं उत्पन्न, बचत, खर्च कमी होईल अशी कोणती व्यवस्था आहे, घरात काळजी घेणारं कोण. ऑस्ट्रेलियात मूल असेल तर त्याचं हित, प्रायोजकाला भारतात येऊन राहणं का शक्य नाही, तिथली नोकरी आणि नाती, हे सगळं कागदांसह. भावनेचं पानभर पत्र आणि पुराव्यांची वीस पानं असं प्रमाण बरं. उलटं नको.

पहिल्या लग्नाचं मूल भारतातच राहणार आहे. त्याचीही तपासणी?

हो. अवलंबून असलेलं मूल बरोबर जाणार नसलं तरी तपासणी लागते आणि त्याच्या निकालावर सगळ्यांचा व्हिसा अडकू शकतो. मूल दुसऱ्या पालकाच्या ताब्यात असून तो पाठवायला तयार नसेल तर कोर्टाचा ताब्याचा आदेश, पाठवलेले मेसेज, नोटीस यांसह ‘तपासणीची अपेक्षा करणं वाजवी नाही’ असं लेखी मांडा. अधिकाऱ्याला पटलं तर सूट देता येते.

एखादा आजार लिहिलाच नाही तर कळतं का?

बऱ्याचदा कळतं: व्रण, टाके, औषधांच्या खुणा, किंवा पूर्वीच्या व्हिसाच्या वेळी भरलेली प्रश्नावली. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर नकार आणि वर तीन वर्षांची बंदी. बहुतेक आजार लिहिल्याने व्हिसा जात नाही.

क्लिनिकमधून निघाल्यावर किती दिवस लागतात?

काही विशेष आढळलं नाही तर क्लिनिक ‘ए’ शेरा देतं आणि बहुधा क्लिअरन्स आपोआप मिळतो. इमीअकाउंटवर तपासणीची गरज संपली, काही करायचं नाही, असा संदेश दिसतो. ‘बी’ शेरा असेल तर फाईल वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाते. त्यात आठवडे, कधी महिने. या काळात क्लिनिकला रोज फोन करून उपयोग नाही, निर्णय त्यांच्या हातात नसतो. मात्र दोन आठवड्यांनंतरही क्लिनिकने निकाल पाठवलाच नाही असं दिसत असेल तर एचएपी आयडी सांगून विचारा. एखादा राहिलेला रिपोर्ट सगळं अडवून बसलेला असतो.

आरोग्यावरून नकार आला तर?

वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत व्हिसा अधिकाऱ्याला बदलता येत नाही. म्हणून खरी संधी नकारापूर्वी मत कळवणारं पत्र येतं तेव्हा असते. त्या मुदतीत आजाराची सुधारलेली स्थिती दाखवणारे नवे रिपोर्ट द्या. नकारानंतर अपिलाचा हक्क आहे की नाही आणि किती दिवसांत, हे नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही अपिलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे जातात. अर्जदार भारतात असेल तर अपील सहसा ऑस्ट्रेलियातल्या प्रायोजकाला करावं लागतं.

आई-बाबा फक्त नातवंडाला भेटायला चालले आहेत. त्यांनाही हे सगळं?

सहा महिन्यांच्या आतल्या भेटीला सहसा नाही. पण वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर व्हिजिटर व्हिसालाही तपासणी लागते, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर एक्स-रेसकट. बाळंतपणाच्या तारखेवर डोळा ठेवून अर्ज करणाऱ्या आजीआजोबांनी दोन महिने जास्तीचे धरावेत.

हेल्थ अंडरटेकिंग मागितलंय. सही केली तर अडकू का?

नाही. जुन्या टीबीचा व्रण असणाऱ्यांकडून बहुधा ते घेतात. अर्थ एवढाच की ऑस्ट्रेलियात उतरल्यावर २८ दिवसांत हेल्थ अंडरटेकिंग सर्व्हिसशी संपर्क साधायचा आणि ते सांगतील त्या आरोग्य केंद्रात तपासणीला जायचं. सहीचा कागद आणि शेवटचा एक्स-रे हँडबॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. आणि व्हिसा हाती आला की त्यावरची पहिल्या प्रवेशाची तारीख आधी बघा: ती बहुधा वैद्यकीय तपासणी किंवा पोलिस क्लिअरन्सच्या १२ महिन्यांवरून ठरते, त्यामुळे निकाल उशिरा लागलेल्यांच्या हातात कधीकधी तिकिटासाठी जेमतेम काही आठवडेच उरतात.